करंगळीचं पेर

दळणाचा डबा उचलताना तिची करंगळी मोडली. डबा बोटावर पडला नव्हता. नुसता उचलला आणि कट्‌कन आवाज आला. गावात कुणीतरी बोट ओढून पट्टी बांधली. सूज उतरेना, तेव्हा दहा दिवसांनी ती सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली.

एक्स-रेत करंगळीचं मुळाकडचं पेर आतून पोखरलेलं दिसलं. भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ, पोकळीत मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण. एनकॉन्ड्रोमा. हाताच्या हाडांत सर्वांत जास्त आढळणारी गाठ ही, कूर्चेची, आणि जवळजवळ नेहमी साधी. पण ‘गाठ’ हा शब्द ऐकताच सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. त्यांना खुर्चीवर बसवून एक्स-रे समजावण्यात अर्धा तास गेला, तो मला ऑपरेशनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मोडलेलं हाड मी आधी जुळू दिलं. काही सहकारी हाड बसवणं आणि गाठ खरवडणं ही दोन्ही कामं एकदम करतात, तेही चूक नाही. मला मात्र जुळलेल्या भिंतीत शिरणं बरं वाटतं.

दोन महिन्यांनी हाडाच्या बाजूला छोटी खिडकी केली. आतली कूर्चा निळसर पांढरी, शहाळ्यातल्या मलईसारखी, मधूनच वाळूसारखी कचकचणारी. इथून पुढे डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि कानांवर भिस्त. मऊ कूर्चेत क्युरेट, म्हणजे खरवडायचा चमचा, मुकाट फिरतो. निरोगी हाडाला टेकला की खरखरतो. कोपऱ्यात कण राहिला तर गाठ पुन्हा वाढू शकते, जोर जास्त झाला तर भिंत फुटते. शिकाऊ डॉक्टरच्या हातावर हात ठेवून मी ती खरखर ऐकवतो. पुस्तकात ती सापडत नाही. शेवटी कमरेच्या हाडाचा चुरा भरून पोकळी बुजवली.

खरवडलेलं सगळं तपासणीला पाठवताना सोबत एक्स-रे हवाच. बोटातल्या साध्या गाठीतही पेशी दाट आणि वेड्यावाकड्या दिसतात. तेच चित्र मांडीच्या किंवा कमरेच्या हाडात दिसलं, तर कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो. नुसत्या काचपट्टीवर निदान मागणं हा पॅथॉलॉजिस्टवर अन्याय आहे, आणि रुग्णावर त्याहून मोठा.

रिपोर्ट साधा आला. आता तिची करंगळी तळव्याला टेकते.

किरकोळ कारणाने बोट मोडलं, तर ते कुणाला ओढू देऊ नका. आधी एक्स-रे काढा.