आवाज कुणाचा?

आमच्या लहानपणी शाळेत आवाज एकच असायचा, तो गुरुजींचा. मुलांनी बोलायचे ते पाढे, कविता आणि 'हजर'. पुढे मीच शिक्षिका झाले. बेळगावच्या आसपासच्या मराठी शाळांतून तीस वर्षे शिकविले. पोरांच्या पोटात सांगण्यासारखे पुष्कळ असते हे रोज दिसायचे. पण चाळीस मुले आणि एक तास, यात प्रत्येकाचे ऐकणार कधी? त्यावर आम्हा शिक्षकांचा जुना उपाय म्हणजे भित्तिपत्रिका आणि वर्षाअखेरचे हस्तलिखित. मुले हौसेने लिहीत, चित्रे काढीत. मात्र हस्तलिखिताची प्रत एकच. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती टेबलावर येई आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जाई. शिवाय ज्याला लिहिता येते, त्याचेच तिथे उमटणार.

निवृत्त होऊन मी हिंडलग्यात राहू लागले आणि २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारने 'विद्यागम' योजना आणली. शिक्षक गल्लीत, देवळात, झाडाखाली जाऊन मुलांना शिकवू लागले. ऑक्टोबरमध्ये साथीच्या भीतीने तीही थांबली. उरला तो मोबाइल. तोही घरात एकच, आणि तो वडिलांबरोबर उद्यमबागेत कामाला जाणार. म्हणजे आमच्या गल्लीतल्या पोरांची शाळा भरायची ती रात्री आठनंतर, फोन घरी आल्यावर.

आमच्या शेजारी चौथीतली एक मुलगी आहे. वर्गात प्रश्न विचारला तर मान हलविणार, तोंड उघडणार नाही. तिच्या बाईंनी व्हॉट्सॲपवर एक काम दिले: घरातल्या मोठ्या माणसाला विचारून एखादे काम कसे करतात ते स्वतःच्या आवाजात सांगा. पोर आज्जीजवळ बसली आणि भाताचे रोप कसे टाकतात, लावणीला ते कधी काढतात, हे सांगू लागली. पहिल्यांदा अडखळली, पुसून टाकले. दुसऱ्यांदा हसू आले, तेही पुसले. चौथ्या खेपेला तीन मिनिटे न थांबता बोलली. मी ओसरीवरून ऐकत होते. वर्गात एकदा चुकलेला शब्द परत घेता येत नाही, बाकीची पोरे हसून मोकळी होतात. इथे तिला तो परत घेता आला. एवढ्याशा सवलतीने तिचे तोंड उघडले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. वर्गातल्या एका मुलाने उलट विचारले, "रोप उपटून परत का लावायचं? एकदाच पेरलं तर काय होतंय?" याचे उत्तर पोरीला येईना, तेव्हा आज्जीच फोनजवळ सरकली. "दाटीत कोण वाढतंय काय रे बाळा? जागा दिली तरच फुटवा धरतंय की." दुसरीनंतर शाळा सुटलेली ती बाई पंचवीस मुलांना भातशेती शिकवून गेली.

पण दुसरीही एक बाजू दिसली. बोललेले शब्द टंकून देण्याची सोय गूगलने २०१७ साली मराठीत आणि कन्नडमध्येही आणली. पोरीने ती करून पाहिली. 'काय करूलास' म्हटले की फोन भलतेच लिही. दोन दिवसांत ती फोनला कळेल असे, बातम्या दिल्यासारखे बोलू लागली. मला ते टोचले. तिला जवळ घेऊन म्हटले, "बाळ, पेपरात लिहिताना पुस्तकातलं मराठी लिही, ते आलंच पाहिजे. पण आज्जीचं सांगताना आज्जीच्या बोलीतच सांग. फोनला कळलं नाही, हे फोनचं अडाणीपण." तिला ते फार आवडले.

पलीकडच्या घरातला मुलगा कन्नड शाळेत जातो. दोघांसाठी मी 'स्टोरीवीवर' उघडून दिले. बेंगळूरच्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले हे बालपुस्तकांचे संकेतस्थळ फुकट आहे. एकाच चित्रकथेच्या मराठी आणि कन्नड आवृत्त्या तिथे मिळतात, आणि तिथली चित्रे घेऊन आपली गोष्टही रचता येते. तीच चित्रे समोर ठेवून तिने मराठीत गोष्ट सांगितली, त्याने कन्नडमध्ये. दोन्ही ध्वनिमुद्रित करून एकमेकांना ऐकविल्या. 'अक्का' हा शब्द दोघांच्याही गोष्टीत निघाला. तो आपलाच, असे दोघेही सांगू लागले. मी निवाडा दिला नाही.

आमच्या हिंडलग्यात १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. भाषा म्हणजे काय, हे या गावाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मला वाटते, मराठी राहावी असे म्हणताना आपण पाट्या, कागदपत्रे आणि शाळा यांच्यासाठी भांडतो ते योग्यच आहे. पण घरातल्या पोराला मराठीत काही सांगावेसे वाटले पाहिजे, आणि ते ऐकायला कुणीतरी बसले पाहिजे. शेजारच्या पोराने आपल्या भाषेत गोष्ट सांगितली म्हणून आमच्या पोरीची मराठी उणी झाली नाही. उलट त्याला कळावे म्हणून ती शब्द निवडून बोलू लागली.

यंत्राचे धोके मी जाणून आहे. पोरांचे आवाज आणि चेहरे त्यांना न विचारता दहा ठिकाणी धाडणे बरे नव्हे. वर्गाचे वर्गातच राहावे. आणि नुसते पाठवून घेतले, वर अंगठ्याचे चित्र टाकले, म्हणजे ऐकले असे होत नाही. त्या मुलाने प्रश्न विचारला नसता तर आज्जी बोललीच नसती.

शाळा केव्हाच पूर्ववत सुरू झाल्या आहेत आणि फोन पुन्हा खेळ नि गाण्यांकडे वळला आहे. या सुट्टीत पोरे घरी असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी त्यांना बसवावे, एखादे काम, एखादी आठवण त्यांच्याकडून बोलून घ्यावी, गाव आणि तारीख सांगायला लावावी. आणि ऐकून झाल्यावर आपण एक प्रश्न जरूर विचारावा. प्रश्न आला की पोर पुन्हा बोलते.