चेतनगुणोक्तीचा जाच

अलंकार शिकवताना चेतनगुणोक्तीपाशी आम्ही नेहमीच जरा रेंगाळत असू. अचेतन वस्तू सचेतन असल्याप्रमाणे वागू लागली की हा अलंकार होतो, एवढी व्याख्या मुले पाठ करून टाकत. पण वस्तूला चेतना देण्याचा हा अधिकार कवीला कोणी दिला आणि तो त्याने किती वापरावा, हा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरे. त्याचे उत्तर आम्हांलाही नीटसे ठाऊक नव्हते. अलीकडे मात्र तो प्रश्न अगदी वेगळ्या वाटेने, टपालपेटीतून, आमच्याकडे परत आला. अ‍ॅनिमेशन या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला प्राण आहे. म्हणजे हीही चेतनगुणोक्तीच. फक्त कवीऐवजी यंत्राने केलेली.

मागल्या पावसाळ्यात एका सकाळी उठलो तो खोली फिरत होती. पलंगाचा कठडा धरून बसलो, तरी भिंती थांबेनात. धुळ्याला दाखवले तेव्हा दोष आतल्या कानाचा निघाला. कान नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला कानातल्या पाण्याने दगा द्यावा, यावर घरात थोडी थट्टाही झाली. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोके कोणीकडे वळले ते मेंदूला कळते. डोळा म्हणतो जग हलते आहे, कान म्हणतो आपण स्थिर आहोत, आणि या दोन साक्षींत मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. आजार ओसरला. पण एक खोड मागे राहिली: नजरेच्या कडेला काही हलले की पोटात ढवळते. डोळ्याच्या कडेचा भाग अक्षर वाचायला निरुपयोगी असला तरी हालचाल टिपण्यात मोठा तत्पर असतो. रानात राहणाऱ्या पूर्वजांच्या तो कामी आला असेल. प्रबंधाचे प्रकरण तपासणाऱ्याला तो छळतो.

आमचा बराचसा पत्रव्यवहार संगणकावरच्या थंडरबर्ड या कार्यक्रमातून चालतो. विद्यार्थ्यांची टिपणे, अंकांची मुद्रिते, परिसंवादांची बोलावणी, सारे तिथेच येते. आणि या पत्रांत काय काय हलत असते! प्रकाशकाच्या जाहिरातीत पुस्तकाची पाने उलटत असतात. दिवाळीच्या शुभेच्छांत पणत्या फडफडतात, त्या भाऊबीज उलटली तरी विझत नाहीत. एका सद्गृहस्थांच्या सहीखाली गुलाबाचे फूल स्वतःभोवती फिरते. त्यांचे निधनवार्तेचे पत्र आले तेव्हाही ते फिरतच होते. वरचा मजकूर तीन ओळींचा होता. तो वाचायला आम्हांला फुलावर हात ठेवावा लागला.

या फिरण्याचा इतिहास तसा साधा आहे. जीआयएफ हा चित्रप्रकार १९८७ चा. १९८९ च्या सुधारित रूपात दोन चौकटींमध्ये किती वेळ थांबायचे ते सांगण्याची सोय आली. पुढे नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर नेटस्केपने त्यात आवर्तनाची भर घातली, आणि चित्र अखंड फिरत राहू लागले. म्हणजे मुळात जी गोष्ट एकदा घडून संपत होती तिला न संपण्याचा वर मिळाला. सायबर कॅफेच्या काळात इन्क्रेडिमेल नावाचा एक कार्यक्रम होता; त्यात पत्र पाठवले की ते उडून गेल्याचे दृश्य दिसे. २०२० मध्ये तो बंद झाला. त्या काळी आम्हांला त्याचे कौतुक वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. कान तरुण होते.

असो. एका विद्यार्थिनीने, जिचे संशोधन अहिराणी गीतांवर आहे, येऊन बंदोबस्त करून दिला. आधी संगणकाचा: विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे व्हिज्युअल इफेक्ट्स, आणि त्यात अ‍ॅनिमेशन इफेक्ट्सची कळ बंद. त्यामुळे सरकत येणाऱ्या खिडक्या सरकायच्या थांबल्या. थंडरबर्डही ही इच्छा पाळतो. ज्याला ती फक्त पत्रांच्या कार्यक्रमापुरती हवी, त्याने थंडरबर्डच्याच अंतर्गत यादीत ‘यूआय डॉट प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ नावाची अंकाची नोंद करून तिथे १ लिहावे; मूळ रोमन शब्द सलग, मधे रेघ न देता. ही यादी सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानाच्या अगदी तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ या नावाने दडलेली आहे. उघडताना एक इशारा येतो, जुन्या वाड्यातल्या तळघराच्या दारावर असावा तसा. पत्रांतल्या चित्रांसाठी मात्र वेगळी ओळ आहे: ‘इमेज डॉट अ‍ॅनिमेशन’, मग खालची आडवी रेघ, मग ‘मोड’. तिची किंमत ‘नॉर्मल’ असते. विद्यार्थिनीने तिथे ‘नन’ लिहिले, आणि गुलाब थांबला.

त्या संध्याकाळी आम्ही कितीतरी दिवसांनी सलग दोन तास वाचले. स्थिर अक्षरांचे सुख काय असते ते ज्याचे कधी गेले नाही त्याला सांगून कळणार नाही. शब्द जागच्या जागी होते आणि हलायचे होते ते आमच्या मनात हलत होते. वेबपानांसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ सालीच म्हटले आहे की, आपोआप सुरू होणारी आणि मजकुराच्या शेजारी पाच सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल थांबवण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. आम्हांला हा नियम आधुनिक काव्यशास्त्रातही घ्यावासा वाटला.

हा आनंद तीन आठवडे टिकला. मग एका सकाळी तीच विद्यार्थिनी दारात उभी राहिली. बसा म्हटले तर बसेना. “सर, तुम्ही आला नाहीत,” एवढेच म्हणाली. तिच्या गीतसंग्रहाचे प्रकाशन आदल्या रविवारी पिंपळनेरला झाले होते. आजीच्या तोंडून उतरवलेली कानबाईची गाणी, सहा वर्षांचे काम. आजी व्यासपीठावर बसली होती आणि आमच्यासाठी एक खुर्ची राखली होती. आम्ही म्हणालो, पत्रिकाच आली नाही. ती म्हणाली, मेल केली होती. उघडून पाहिले. मेल होती. तीत निळसर पार्श्वभूमीवर एक न पेटलेली पणती होती, बाकी काही नाही. छापखान्यातल्या मुलाने हौसेने हलती पत्रिका केली होती: आधी पणती पेटते, मग तिच्या उजेडात एकेक ओळ उमटते, शेवटी तारीख. ‘नन’ म्हणजे फक्त पहिली चौकट. आम्ही ती पाहिली होती, शुभेच्छा समजून मिटली होती.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली, आणि ती हलती फीत दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवले. त्या फितीची पहिली चौकट पाहून कोणी उठून गेला असता तर त्याने काय पाहिले असते? माती. आम्ही विद्यार्थिनीच्या सहा वर्षांची माती पाहून पत्र मिटले होते. कान दुखरा होता, हे खरे. पण तिच्या आजीला ते कसे सांगणार?

तेव्हा कळले की ‘नॉर्मल’ आणि ‘नन’ यांच्या मध्ये तिसरी किंमत आहे: ‘वन्स’. चित्र एकदा चालते आणि शेवटच्या चौकटीवर थांबते. या वेळी ते आम्हीच, भिंगाने अक्षरे पाहत, लिहिले. नेटस्केपने दिलेला वर काढून घेतला, एवढेच. एकदाचे हलणे कानाला सोसते. हालचालीशी आमचे वैर नाहीच म्हणा. परवा ब्राह्मणवेलच्या पठाराकडे गेलो होतो, तिथे पवनचक्क्यांची पाती डोंगरभर फिरत होती आणि आम्ही अर्धा तास पाहत उभे होतो. काही झाले नाही. ती लांब होती, समोर होती, आणि वारा आम्हांलाही लागत होता.

त्याच दुपारी पिंपळनेरला उतरून आजीला भेटलो. तिला डोळ्यांनी कमी दिसते. पुस्तक तिने हातात धरले, उलटसुलट केले आणि नातीला विचारले की यातली गाणी कोणत्या पानावर आहेत. आमच्या न येण्याचा विषय तिने काढला नाही. आम्ही काढला तेव्हा म्हणाली, पुढल्या खेपेला या.

पुढली खेप या महिन्यात आहे, धुळ्याला. पत्रिका त्याच मुलाने केली आहे. पणती पेटली, ओळी उमटल्या, आणि चित्र तारखेवर थांबले. आम्ही ती कागदावर उतरवून भिंतीला लावली आहे.