मोकळी बाजू

कोकणात घराची ओळख पुढच्या खळ्यावरून आणि तुळशीवरून होते, पण घर खरं जगतं ते मागच्या दारी. विहीर, कपडे धुवायची दगडी दोण, पाणी तापवायची चूल, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू, केळीची बेटं आणि चार पावलं पलीकडे गोठा. कुडाळजवळच्या आमच्या घराचा गोठा आजोबांनी बांधला होता. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, शेवटची गाय म्हातारी होऊन गेली, आणि दावी खुंट्यांनाच लटकत राहिली. रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. आधी झावळ्या आल्या, मग नारळाची सोडणं, फुटकी घमेली, सुंभ तुटलेली बाज, जुनं जू आणि शिवळा. काही वर्षांनी गोठ्यात शिरायलाच वाट उरली नाही.

कुणी म्हणालं, पाडून पत्र्याची शेड करा, गाडी राहील. कुणी म्हणालं, दोन खोल्या काढा, हल्ली पर्यटक येतात. त्या सूचनांना मी नावं ठेवत नाही. या किनाऱ्यावर अशाच खोल्यांनी कित्येक घरांना हात दिला आहे. मला मात्र ती जागा बसायला हवी होती. नुसतं बसायला.

सामान निघालं तसा गोठा दिसू लागला. पश्चिमेला आणि दक्षिणेला पूर्ण उंचीची जांभ्याची भिंत, उत्तरेला कमरेएवढी, आणि पूर्वेला, घराच्या बाजूला, भिंतच नाही. फणसाचे जाड खांब तेवढे. लहानपणापासून पाहिलेल्या या रचनेचा अर्थ मला पावसात तिथे उभी राहिल्यावर कळला. आमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यावर बसून येतो. आजोबांनी त्याच्याकडे पाठ करून गोठा उभा केला होता. पूर्वेची बाजू उघडी ठेवली की जनावरांना सकाळचं कोवळं ऊन मिळायचं, मागच्या दारातून घरच्यांची नजर राहायची, आणि आषाढातही आत फारशी झड यायची नाही. छप्पर बाहेर इतकं उतरवलेलं की वळचण माझ्या खांद्याला लागते. आमच्याकडची गुरं मुळात ठेंगणी. त्यातल्या एका जातीची कोकण कपिला म्हणून आता रीतसर नोंदही झाली आहे. त्यांच्या उंचीला हे छप्पर पुरेसं होतं. आपल्याला वाकून आत जावं लागतं, आणि वाकून आत गेल्यावर डोळे आपोआप जमिनीकडे, मग हळूहळू वर जातात. ते वाकणं मी तसंच राहू दिलं.

सुतारकाका आले, खांबांवर बोटं वाजवून गेले, आढ्याकडे बराच वेळ बघत राहिले. जाताना म्हणाले, "बाय, वाऱ्याक वाट ठेव. वारो कोंडलस तर वाळवी इलीच म्हणान समज." पुढचं सगळं काम या एका वाक्यावर झालं.

आधी कौलं उतरवली. मंगळुरी कौलं. बाझेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला जेप्पू इथे कारखाना काढला आणि नेत्रावतीच्या काठची माती भाजून ही कौलं किनाऱ्यावरच्या घराघरांवर चढली. आमच्या कौलांच्या पाठीवरही कारखान्याचा ठसा आहे. शेवाळ घासताना तो अंगठ्याखाली लागतो. फुटकी तेवढी बाजूला काढली, बाकीची ब्रशनं घासून उन्हात उभी केली. दोन कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते, म्हणूनच वैशाखातही कौलाखाली बसवतं आणि पत्र्याखाली बसवत नाही. पोखरलेले वासे काढून किंजळीचे नवे घातले, रिपा बदलल्या, आणि लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं. इथले होडीवाले तेच वापरतात. त्याचा उग्र वास पुष्कळ दिवस गेला नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, असा आग्रह झाला. मी तो मानला नाही, आणि यात मला पुरेपूर समाधान आहे. जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, तासता येतो, आणि वाऱ्याउन्हात आला की कडक होत जातो. पण जमिनीतली ओल वर ओढायची त्याची सवय जात नाही. सिमेंट ती ओल आत कोंडतं, मग पोपडे सुटतात. चुना ती बाहेर जाऊ देतो. म्हणून चिऱ्यांचे सांधे चुन्यानं भरले, आतून चुन्याचा हात दिला आणि बाहेरचा दगड उघडाच ठेवला. पावसानं भिजल्यावर तो जो रंग धरतो त्यावर काही चढवावं असं मला कधीच वाटलं नाही.

जमिनीचा उतार जनावरांचं मूत वाहून जावं म्हणून होता. तोही मोडला नाही. आता चुकून आत आलेलं पावसाचं पाणी त्याच वाटेनं बाहेर पडतं. वळचणीखालच्या पट्ट्यात चिरे बसवले, कारण तिथलं सारवण पावसात वाळत नाही. आतली जमीन चोपून शेणानं सारवली. शेण शेजारून आणावं लागतं. सारवते आईच. तिच्या हाताची अर्धवर्तुळं एकमेकांना लागून पार खांबापर्यंत जातात.

आणि गव्हाण. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली ही चिऱ्यांची लांब गव्हाण फोडून टाकली असती तर जागा केवढी मोठी झाली असती! तिच्यात दगडमाती भरली, वर फणसाची रुंद फळी टाकली, आणि सात-आठ माणसं टेकून बसतील असं आसन झालं. पिढ्यान् पिढ्या गुरांच्या गळ्यांनी घासून तिची कड जिथे गुळगुळीत झाली आहे, तिथे मात्र फळी जरा मागे घेतली. बसल्यावर हात नेमका त्या कडेवर येतो. आई तिथे बसली की कपिली, चांदी, तांबू अशी नावं निघतात. कोण लाथ मारायची, कोण तिच्याखेरीज कुणाला धार देत नसे. घरात, टीव्हीसमोर, ही नावं मी कधी ऐकली नव्हती.

छपरात दोन काचेची कौलं घातली. त्यांतून येणारा उन्हाचा तुकडा सकाळी गव्हाणीवर असतो, दुपारी सारवणावर उतरतो आणि उन्हं कलू लागली की खांबांकडे सरकतो. त्याच्यामागे मांजर सरकतं. बाजेला नवा काथ्या विणला. दिवा एकच. पंखा लावला नाही, लागला नाही. संध्याकाळी डास होतात, तेव्हा सोडणाची धुरी घालतो. मागच्या गडग्यात धामण आहे. ती उंदरांसाठी गोठ्यावरून फेरी मारून जाते, आणि तिचा येण्याजाण्याचा हक्क आमच्याहून जुना आहे.

हे सगळं कशासाठी, ते जूनमध्ये कळतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घर आतून काळोखं, कुबट होतं, कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं. अशा वेळी गोठ्यात बसावं. वळचणीवरून पागोळ्या सुटलेल्या असतात, पलीकडे अळवाच्या पानांवर थेंब गोल होऊन घरंगळत असतात, मातीचा, शेणाचा, ओल्या लाकडाचा वास मिसळलेला असतो, आणि आपण बाहेर असूनही कोरडे असतो. बाहेर असून कोरडं असणं: माणसानं छप्पर बांधायला घेतलं तेव्हा त्याला हेच सुख हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्या आधी, मे महिन्यात, इथेच फणस फोडले जातात, हाताला खोबरेल चोपडून. कोकमं फोडून सोलं करायला शेजारच्या काकू इथेच येऊन बसतात. बोलवावं लागत नाही. दार नाही, तर वाजवणार काय?

मला दुःख होतं ते आमच्याच वाडीतल्या पडव्यांचं. एकेका पडवीला जाळी बसली, मग सरकत्या काचा, मग वातानुकूलन यंत्र. सुरक्षितता हवी, मान्य. पण पडवी बंद झाली की घरात एक खोली वाढते आणि वाटेवरून जाणाऱ्या माणसाला "बस जरा" म्हणायची जागा संपते. गोठ्याच्या पूर्वेला काच बसवायची सूचना मलाही दर पावसाळ्याआधी होते. ती बाजू मोकळीच राहील.

तुमच्या मागच्या दारी असा गोठा, मांगर, लाकडांची खोप उभी असेल तर पाडण्याआधी ती रिकामी करा आणि एक पावसाळा तिच्यात बसून पाहा. वारा कुठून येतो, ऊन कुठे पडतं, पाणी कुठे जातं, हे ती स्वतः दाखवील. तरीही पाडावीच लागली, तर कौलं तेवढी फोडू नका. रचून ठेवा, कुणाच्या तरी छपराला ती लागतील.