आधी दम की आधी ताप?

गाडी गरम होते असे म्हटले की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी पाणी ओता म्हणतो, कोणी थर्मोस्टॅट काढून फेका म्हणतो, कोणी गाडीच विका म्हणतो. गाडीला नेमके काय होते, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

आम्ही नवरा-बायको दोघेही उर्दू शाळेत शिकवतो. अम्मींच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून जावे लागते. एस.टी.चे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. सपाटीवर ती ठीक चाले. घाट लागला की काटा लाल रेषेकडे सरके आणि गाडीचा दम सुटे. मागच्या सीटवर अम्मी तसबीह फिरवत गप्प बसत.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले आणि लगेच सांगून टाकले, “हेड गास्केट गेले. इंजिन खोलावे लागेल.” खर्च कर्जाच्या दोन हप्त्यांएवढा. अम्मींची पुढची तारीख आठ दिवसांवर आलेली. रात्री त्या म्हणाल्या, “मेरे वास्ते इतना खर्चा मत करो बेटा, मैं अब अच्छी हूँ.” त्या बऱ्या नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मग आम्ही मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. चौथीनंतर ते शाळेत गेले नाहीत. त्यांनी पान्याला हात न लावता विचारले, “पहले दम टूटता है, या पहले काँटा चढ़ता है?”

आधी काटा चढतो, आम्ही सांगितले. उस्तादांनी मान हलवली. आधी दम तुटला असता तर ते ब्रेक चिकटतात का, क्लच घसरतो का, सायलेन्सरची वाट तुंबली का, हे पाहणार होते; कारण अडलेल्या इंजिनाला जास्त राबावे लागते आणि मग ते तापते. इथे उलटे होते. इंजिन आधी तापत होते, आणि ते जळू नये म्हणून गाडीतला संगणक स्वतःच ताकद कमी करत होता.

थंड इंजिनाचे रेडिएटरचे झाकण काढून त्यांनी पाण्याची पातळी पाहिली. भरलेली होती. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला नव्हता. गाडी चालू केली तरी पाण्यात बुडबुडे नव्हते, धूर पांढरा नव्हता. “गास्केट का इल्जाम झूठा है,” ते म्हणाले. पंखा वेळेवर फिरत होता. इंजिन पुरते तापल्यावर वरचा पाइप चटका देत होता, खालचा जेमतेम कोमट. म्हणजे पाणी मध्येच कुठेतरी अडत होते.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढून त्यांनी पाण्याच्या पातेल्यात टाकला आणि पातेले शेगडीवर ठेवले. त्याच्यावर ८२ अंश कोरलेले होते. तापमापीत पारा तिथे पोहोचला आणि झडप हळूहळू उघडली. तोही निर्दोष. उरला रेडिएटर. तो उतरवला तर नळ्यांत पांढरा थर, पाणी तापवायच्या भांड्यात बसतो तसा. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले होते. सपाटीवर अर्ध्या नळ्यांवर भागत होते. घाटात इंजिनाला जोर लागला की भागत नव्हते.

रेडिएटर बदलला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरले. इंजिन खोलावे लागले नाही. खर्च अर्ध्या हप्त्यात आटोपला आणि अम्मींची तारीख चुकली नाही.

बी.एड.ला निदानात्मक चाचणीवर आम्ही पानेच्या पाने लिहिली आहेत. तरी वर्गात मूल मागे पडले की शिक्षकांच्या खोलीत निकाल तयार असतो: घरचे वातावरण, डोके नाही, मोबाइल. परवा सातवीतल्या एका मुलाबद्दल असेच बोलणे चालले होते. आम्ही हजेरीपट काढून पाहिला. गुण घसरले दिवाळीनंतर. पण हजेरी गणपतीपासूनच तुटत होती, आणि तीही फक्त बाजाराच्या दिवशी. बापाच्या हातगाडीवर तो उभा राहत होता. डोके शाबूत होते. बापाशी बोलून बाजाराचा दिवस सोडवायचा होता, आणि तेवढ्यासाठी आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.