उरलेला बुडबुडा

न्यूमोनियातून उठल्यापासून श्वासाकडे सारखं लक्ष जातं. भाचीनं शाळेतला प्रयोग घरी मांडला होता: ओल्या परीक्षानळीत लोहकीस चिकटवला, नळी पाण्यात उपडी ठेवली. काही दिवसांत कीस गंजला, पाणी साधारण पाचवा हिस्सा वर चढलं. तेवढाच ऑक्सिजन, सुमारे 21 टक्के.

मन मात्र उरलेल्या हवेपाशी रेंगाळलं. 1785 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन काढून घेतला, तरी एक चिमुकला बुडबुडा उरलाच. नायट्रोजनच्या 120व्या भागाहून मोठा नसलेला. त्यानं तो नोंदवून ठेवला. त्यातला आरगॉन 1894 मध्ये रॅली आणि रॅम्झे यांनी ओळखला.

आजार गेला, तरी माझ्यातही काहीतरी उरलंय. भीती म्हणावी, तर तीही नाही. सध्या नुसतं नोंदवतेय. ओळखायची घाई नाही.