अर्ध्यावर पडणारा काटा

टाकी भरली की आमच्या जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा बरोबर चढायचा. अर्ध्याच्या आसपास आला की एकदम शून्यावर पडायचा आणि पाव टाकी उरली की पुन्हा उठायचा. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरायचा, तर असा काटा चालत नाही. डिझेलची गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. लाइन एअर धरते; मग नट ढिला करायचा, हातपंप मारत बसायचं, तेही रात्री घाटात, हौद्यात माल असताना.

गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी सांगितलं, "मीटरच बदला, भाऊ." मला पटेना. मीटरच गेलं असतं तर पाव टाकीला काटा खरं कसं दाखवेल? शिवाय शेजारचा टेंपरेचरचा काटा ठणठणीत होता आणि दोघांचा सप्लाय एकच.

टाकीवरच्या फ्लोटची वायर काढली आणि चावी चालू ठेवून चासीला टेकवली. केबिनमधून गाडी चालवणारा अण्णा ओरडला, "चढला रे, फुल!" म्हणजे मीटर आणि तिथवरची वायर शाबूत. जुन्या गाडीत पुढचा संशय गंजलेल्या अर्थिंगवर घ्यावा. फ्लोटच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला वेगळी वायर ओढून पाहिली. फरक नाही. उरला फ्लोटच.

टाकी उतरवून तो बाहेर काढला, मल्टिमीटर लावला आणि दांडी अगदी सावकाश फिरवली. घाई केली तर नेमकी खराब जागा निसटते. भरल्या बाजूकडून ओहम सलग वाढत गेले, मध्यावर आकडाच गायब झाला, पुढे पुन्हा आला. आतली तार तुटली असती, तर मध्याच्या खाली आकडा परत आलाच नसता. झाकण उघडल्यावर उलगडा झाला: तारेचे मधले वेढे घासून खोल गेलेले, त्यावर काळी पुटं, आणि सरकणारी पत्ती तिथे टेकतच नव्हती. अण्णा टाकी सहसा पूर्ण भरत नाही आणि फार खालीही जाऊ देत नाही. इतकी वर्षं घाटातल्या हिंदकळण्याने पत्ती तेवढीच जागा घासत राहिली.

पत्ती वाकवून, पुटं पुसून काही महिने निघाले असते. पण पुन्हा टाकी उतरवण्यापेक्षा त्याच ओहमचा नवा फ्लोट आणला, सोबत नवं पॅकिंग. टाकीत बसवण्याआधीच वायरी जोडल्या, दांडी हाताने खालून वर नेली. काटा कुठेही न पडता फुलपर्यंत गेला, तेव्हाच बोल्ट आवळले.