निवडणारा हात

सगळं शेत कापण्याआधी किती पिकलं ते सांगायचं, तर थोडं कापून बघावं लागतं. सरकार हे दरवर्षी करतं आणि त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतं. खटाव तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या आम्हा पोरांना संख्याशास्त्र हे नावही ठाऊक नव्हतं, पण त्यातलं मुख्य दुखणं पारावरच्या गप्पांत रोज असायचं. या कापणीवरून पिकाचा जो अंदाज निघायचा ती गावाची आणेवारी. ती पन्नास पैशांच्या आत लागली तर टंचाईच्या सवलती, वर लागली तर हात चोळत बसायचं. पैसेवारी म्हणा असं कागद सांगत होते. गाव आणेवारीच म्हणायचं.

तलाठी आणि कृषी सहायक टेप घेऊन आले की निम्मं गाव बांधावर. "भाऊसाहेब, हितं घ्या की, हितं कणीसच भरलं न्हाई." तलाठी हातातला कागद दाखवायचे. "आकड्यानं निघालंय. माझ्या हातात काय न्हाई." शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून लांबीला इतकी पावलं, रुंदीला इतकी, तिथं खुंटी, सुतळी, दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन. मग आतली ज्वारी कापायची, मळायची, तोलायची. एरवी सरकारी माणूस आपल्या हातात किती आहे ते दाखवायला येतो. हा एकटाच, हातात काही नाही असं ठणकावून सांगणारा. त्याची किंमत मला पुढे कळली.

साताऱ्याला बी. कॉम.ला नमुना निवड शिकलो तेव्हा त्या कागदावरचे आकडे येतात कुठून ते समजलं. टिपेट नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतले अंक उचलून ४१,६०० अंकांचं कोष्टक छापलं होतं. कुणाच्याही बाजूचे नसलेले आकडे मिळावेत म्हणून एवढा खटाटोप. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकसारखा शिजतो. शेत तसं शिजत नाही. विहिरीजवळचं ताट वेगळं, मुरमाडावरचं वेगळं. म्हणून शीत कुठलं उचलायचं हे भुकेल्यावरही सोडायचं नसतं आणि वाढणाऱ्यावरही.

याच विषयात मला आमच्याच तालुक्यातलं एक नाव भेटलं. बुध गावचे पां. वा. सुखात्मे. चाळीसच्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. सुतळीवरच उभं असलेलं ताट आत की बाहेर? कापणारा सहसा ते आतच धरतो. दहा बाय पाचच्या चौकोनाला पन्नास चौरस मीटरमागे तीस मीटर कड असते. एक बाय एकच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे चार. कड जितकी जास्त तितकी ही चूक जास्त, आणि ती नेहमी एकाच बाजूला. असे लहान चौकोन हजार घेतले तरी ती हटत नाही. नमुना चौपट केला की योगायोगाने होणारी चूक निम्मी होते, हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ होतं. पण हाताचा कल चौपटीनेही जात नाही, हे मी पाठ न करताच लक्षात ठेवलं.

नोकरी लागली ती बाजार समितीच्या आवारात, एका अडत्याकडे हिशेबाला. सोयाबीनच्या मोसमात खरेदीदाराचा माणूस टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायचा आणि मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचा. बारा टक्क्यांच्या वर काटा गेला की भाव घसरला. त्याची नळी नेमकी भिंतीकडच्या, खालच्या थप्पीत शिरायची. शेतकरी म्हणायचा, "दादा, वरचं बघा, काल ऊन दिलंय त्याला." मुठीतल्या दाण्यांबद्दल दोघंही खरं बोलत होते. यंत्रही खरंच होतं. खोट होती ती यंत्राच्या आधी, पोतं निवडण्यात. पुढे पतसंस्थेत आलो, तेव्हा अंतर्गत तपासणीत व्हाउचर कुठली बघायची हे शाखेला विचारायचं नाही, एवढा नियम मी हट्टाने पाळला. शाखाधिकारी नाराज होत, पण चहा पाजत.

आता निवृत्तीनंतर सकाळच्या पेपरात सर्वेक्षण दिसतं. इतक्या टक्के लोकांना असं वाटतं. बायको टक्के वाचून दाखवते आणि मी विचारतो, "कुणाला विचारलं? आणि फोन उचलला नाही त्यांचं काय?" ती म्हणते, "तुम्हाला आकडा कधी गोडच लागत नाही." लागतो. पण विचारणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ हे आधी कळलं तर.

स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहायला बसलो की हे शास्त्र अडचणीचं ठरतं. कारण इथले प्रसंगही मीच वेचले, कोष्टक उघडून नाही. आणि कडेवरची ताटं मी आतच धरली असणार. वाचणाऱ्याने तेवढी पैसेवारी कमी करून घ्यावी.